पहिली तीस माणसं: बेळगावकडच्या छोट्या धंद्यासाठी ऑनलाइन ग्रुप कसा उभा करावा

आमचं साड्यांचं छोटं दुकान बेळगावच्या वडगावात आहे. मागच्या खोलीत माग, पुढं कपाटं आणि गादी. सासऱ्यांच्या काळात गिऱ्हाईक म्हणजे दारातून आत येणारं माणूस. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, गोव्याकडची कुटुंबं लग्नाचा बस्ता बांधायला यायची, दुपारभर बसायची, चहा व्हायचा. ती कुटुंबं आजही येतात, पण त्यांच्या मुली-सुना पुण्याला, बेंगळूरला, मडगावला गेल्या. त्यांना साडी फोनवर बघायची असते आणि पैसेही फोनवरूनच द्यायचे असतात.

म्हणून मी ग्रुप काढला, आणि पहिल्यांदा तो पार फसला. दसऱ्याच्या आदल्या रात्री फोनमधले दोनशेच्या वर नंबर मी कुणालाही न विचारता त्यात घातले. सकाळपर्यंत चाळीसेक जणी बाहेर पडल्या होत्या. एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, "अक्का, मला कशाला घातलासा त्यात?" तिसऱ्या दिवशी कुणीतरी राजकारणाचा व्हिडिओ टाकला आणि मराठी-कन्नड वाद पेटला. त्याच आठवड्यात एका मुलीला ग्रुपातून नंबर उचलून कुणीतरी रात्री मेसेज केले. ती रडत दुकानात आली. मी त्या दिवशी ग्रुप बंद केला आणि जवळजवळ वर्षभर परत हात लावला नाही.

दुसऱ्यांदा काढलेला ग्रुप टिकला. त्यात काय वेगळं केलं तेच इथं क्रमानं सांगते. तुमचा धंदा कुंद्याचा असो, तांदळाचा असो की चपलांचा, पायऱ्या जवळपास सारख्याच आहेत.

१. आधी वहीत एक वाक्य लिहा

या ग्रुपात कोण येणार आणि ती माणसं *एकमेकांशी* कशाबद्दल बोलणार, एवढं एका वाक्यात लिहा. "आमच्या साड्या घेणारे लोक" हे उत्तर पुरत नाही. साडी घेऊन झाली की तिला तुमच्याशी बोलायचं कारण उरत नाही, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचं तर नव्हतंच. आमचं वाक्य असं ठरलं: इरकल, खण आणि नऊवारी नेसणाऱ्या आणि जपणाऱ्या बायका. एवढ्यानं विषयांना तोटा राहिला नाही. गौरीला किती वाराची साडी नेसवायची? इरकलीचा लाल रंग पहिल्या धुण्यात सुटला तर काय करायचं? आजीची नऊवारी कापून मुलीला परकर-पोलकं शिवावं का? ही उत्तरं माझ्यापेक्षा त्यांच्यातल्याच कुणाला तरी जास्त ठाऊक असतात. त्यांना बोलायला जागा मिळाली की दुकानाचं नाव आपोआप तोंडी राहतं.

आपल्या भागातल्या इतर धंद्यांसाठीही असं वाक्य सापडतं. येळ्ळूरकडचा बासमती विकणाऱ्यानं दर सांगणारा ग्रुप काढला तर लोक दर बघून गप्प बसतील. नव्या तांदळाला पाणी किती, जुना तांदूळ कसा ओळखायचा, यंदा भात कसं आलंय, यावर मात्र घराघरात बोलणं होतं. अथणीकडच्या चपला करणाऱ्यांकडं तर सांगण्यासारखं खूप आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या चारात बेळगाव आहे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी गिऱ्हाइकांना हे माहीत नसतं. कातडं कसं कमावतात, चपलेला तेल कधी लावायचं, पावसात ती का घालू नये, हे सांगत गेलात तर माणूस दुसरा जोड तुमच्याकडंच मागतो. खानापूरच्या मातीच्या भांड्यांचंही तसंच आहे. नवं मडकं चुलीवर चढवण्याआधी काय करायचं, हा प्रश्न घेणारा प्रत्येक जण विचारतो.

वाक्य सुचलंच नाही तर? तर ग्रुप काढू नका. झेरॉक्स, रिचार्ज, पिठाची गिरणी असल्या धंद्याला माणसांनी आपसात बोलण्याची गरज नसते. तिथं गूगल मॅपवर दुकानाची नोंद, वेळ, फोन नंबर आणि चार चांगले फोटो एवढं पुरतं. ते फुकटात होतं.

२. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा करा

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घाला. तेही फुकट आहे. दुकानात लँडलाइन असेल तर तोही नंबर चालतो. ओटीपी मेसेजऐवजी फोन कॉलवर घ्यायचा. या ॲपमध्ये पत्ता, वेळ आणि मालाचा कॅटलॉग घालता येतो, आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तरही लिहून ठेवता येतं.

नाव आणि वर्णन लिहिताना आपल्या गावाची एक अडचण लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. आपण मराठी माणसं बेळगावच म्हणतो आणि लिहितो. शोधणारा माणूस मात्र यातलं कुठलंही नाव टाईप करतो. म्हणून वर्णनात दोन्ही नावं, मराठी-कन्नड दोन्ही लिप्यांत, आणि इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं लिहा. यात कुणाची बाजू घेण्याचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाला तुम्ही सापडायला हवं.

आणि आजच्या आज सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. "चुकून तुमच्या नंबरावर माझा कोड आलाय, जरा सांगता का?" असं विचारणारा चोर असतो. तो कोड दिला की तुमचा नंबर, तुमचा ग्रुप आणि तुमच्या गिऱ्हाइकांचा विश्वास एका मिनिटात त्याच्या हातात जातो.

३. जागा निवडा: एकच, आणि नीट

इथं नवखा माणूस सर्वांत जास्त गोंधळतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

*ब्रॉडकास्ट लिस्ट* म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. माल आल्याचं कळवायला बरी आहे, पण माणसं एकमेकांना दिसत नाहीत.

*व्हॉट्सॲप ग्रुपात* १०२४ जण मावतात, सगळे बोलू शकतात, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्याकडं त्या मुलीला त्रास झाला तो यातूनच. बायका जिथं जास्त आहेत तिथं हा विचार आधी करायचा.

*व्हॉट्सॲप चॅनल* भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात फॉलो करणाऱ्याचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही. पण बोलता फक्त तुम्हीच. समोरून अंगठा किंवा हृदय येतं, फार तर पोलला मत.

*व्हॉट्सॲप कम्युनिटी* म्हणजे एका छताखाली अनेक ग्रुप. त्यात सूचनांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो. तिथं फक्त ॲडमिन लिहितात, आणि सदस्याचा नंबर ॲडमिनला व ज्यांच्याकडं तो आधीच सेव्ह आहे त्यांनाच दिसतो. त्याच छताखाली गप्पांचा वेगळा ग्रुप काढता येतो. ज्याला बोलायचंय तो आपणहून तिथं जातो. तिथं नंबर दिसतो हे त्याला आधी सांगायचं.

*फेसबुक ग्रुप* मोठ्या वयाच्या गिऱ्हाइकांसाठी आजही चांगला. खासगी ठेवता येतो, आत येणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात, पोस्ट आधी तपासून मग सोडता येते. मोठा फायदा म्हणजे जुनी पोस्ट शोधली की सापडते. व्हॉट्सॲपवर मार्चमधली चर्चा जूनमध्ये हुडकायची म्हणजे डोळे दुखतात. *इन्स्टाग्राम* नव्या माणसाला दुकान दाखवायची जागा. तिथं ओळख होते, पण बैठक जमत नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हॉट्सॲप कम्युनिटी, तिच्यात सूचनांचा एक ग्रुप आणि गप्पांचा एक, एवढंच उघडा. सहा महिने तेवढंच चालवा. एकाच वेळी पाच ठिकाणी खाती उघडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. दिवाळीनंतर त्यांतली चार ओसाड पडतात. ओसाड पान बघून गिऱ्हाइकाला वाटतं की दुकानही बंद झालं.

४. नियम पहिल्या दिवशी, दोन्ही भाषांत

नियम पाचच ठेवा आणि ग्रुपच्या वर्णनात लिहून टाका. आमचे असे आहेत: विषय साडी-कापडाचाच. गुड मॉर्निंगचे फोटो, फॉरवर्ड आणि दुसऱ्यांच्या जाहिराती नकोत. ग्रुपातून नंबर घेऊन कुणालाही खासगी मेसेज करायचा नाही, केला तर त्याच दिवशी बाहेर. ऑर्डर आणि पैशाचं बोलणं दुकानाच्या नंबरावर. आणि राजकारण अजिबात नाही, कुठल्याही बाजूचं.

शेवटच्या नियमाबद्दल जरा थांबून बोलते. सीमाप्रश्न माझ्या घरात तीन पिढ्यांचा आहे. माझ्या सासऱ्यांच्या बोलण्यात तो रोज असायचा आणि माझ्याही मनात त्याची जागा पक्की आहे. पण आमच्या मागावर बसणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात कन्नड बोलतात. आमच्या गिऱ्हाइकांतही गोकाक, बैलहोंगलकडच्या बायका आहेत. त्यांनी आमच्याकडून मुलीच्या लग्नाच्या साड्या नेल्या आहेत. त्यांना माझ्या ग्रुपात अवघडल्यासारखं व्हावं हे मला चालणार नाही. म्हणून १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगेमागे, निवडणुकीच्या दिवसांत, आणि वातावरण तापलेलं असेल तेव्हा मी सेटिंगमध्ये "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" हे सुरू करते. आदल्या दिवशी दोन्ही भाषांत कळवते की गप्पा चार दिवस बंद, दुकान उघडं. आजवर त्यावरून कुणी रागावलेलं नाही.

दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिनला पकडतात का, असं पुष्कळजण घाबरून विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की, समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरी त्याच्या भरवशावर स्वस्थ बसू नका. भडकाऊ मेसेज दिसला की ॲडमिन म्हणून तो सगळ्यांसाठी डिलीट करा, टाकणाऱ्याला बाहेर काढा, आणि त्याआधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

५. पहिली तीस माणसं

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं काम हे. सुरुवात तीस माणसांनी करा, तीनशेंनी नाही. बिलबुक उघडा आणि दोनदा-तीनदा आलेली, नाव घेऊन हाक मारता येईल अशी माणसं वेगळी काढा. प्रत्येकाला फोन करा. मेसेज नको, फोनच. "वयनी, इरकल-नऊवारीबद्दल बोलायला एक ग्रुप काढतेय, तुम्हाला यायला आवडेल का?" होकार आला की लिंक पाठवा. "बघते" म्हणाली की विषय सोडून द्या. मला तीस होकारांसाठी पंचेचाळीसेक फोन करावे लागले. त्याला एक आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात फोनवरच दोन ऑर्डर आल्या.

तिसांत मिसळ हवी. जुन्या साड्या जपणारी एखादी आजी, नऊवारी शिकू पाहणारी कॉलेजची पोर, ब्लाउज शिवणारी बाई, गोव्याची एक, कोल्हापूरची एक, कन्नड बोलणाऱ्या चार-पाच. ब्लाउज शिवणारी तर हवीच. बायका साडीपेक्षा ब्लाउजवर जास्त बोलतात. तिलाही त्यातून कामं मिळाली, त्यामुळं ती रोज येऊन उत्तरं देते.

पुढची भरती गल्ल्यावरून. ग्रुपाचा क्यूआर कोड छापून काउंटरवर ठेवा, खाली दोन भाषांत एक ओळ. सेटिंगमध्ये "नवीन सदस्यांना मंजुरी" सुरू असू द्या. लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. ती कुठं कुठं जाते आणि एक दिवस कर्ज देणाऱ्या, शेअर टिप्स देणाऱ्या अनोळखी नंबरांची रांग लागते. तसं झालंच तर जुनी लिंक रीसेट करा, ती तिथल्या तिथं मरते.

आणखी एक. गिऱ्हाइकाचा नंबर ही त्याची वस्तू आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व दिलंय ते बरोबरच आहे. एखादी म्हणाली "माझा नंबर काढा", तर त्याच वेळी काढायचा, कारण विचारायचं नाही.

६. रोज काय टाकायचं

रोज काही टाकायची गरजच नाही. आठवड्याला तीन गोष्टी पुरतात: एक माहिती, एक प्रश्न, एक माल. या क्रमानं. मालाची पोस्ट सूचनांच्या ग्रुपात, बाकीच्या दोन गप्पांच्या.

माहिती म्हणजे तुम्हाला येताजाता ठाऊक असलेली आणि बाहेरच्याला नवी वाटणारी गोष्ट. इरकलीचा पदर वेगळ्या रेशमी ताण्याचा (ताणा म्हणजे उभे धागे) असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, त्याला टोप तेनी म्हणतात. हे मी एकदा पदर उलटा करून फोटोत दाखवलं. तीस वर्षं इरकल नेसणाऱ्या बायका म्हणाल्या, आम्ही कधी उलटून बघितलंच नव्हतं. खणाचं गाव गुळेदगुड्ड, ते बागलकोट जिल्ह्यात, हेही बऱ्याच जणींना नवं होतं. कांडी भरताना, धोटा फिरताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, मागाचा खटखट आवाज तसाच असू द्या. गाणं लावू नका. आमच्या ग्रुपात सगळ्यांत जास्त उत्तरं त्या आवाजाला आली, कारण वडगाव, खासबाग, शहापूर भागात वाढलेल्या आणि आता लांब राहणाऱ्या मुलींनी तो आवाज लहानपणी झोपेत ऐकलेला आहे.

प्रश्न असा विचारा की उत्तर एका ओळीत देता येईल आणि प्रत्येकीचं वेगळं असेल. "चिंतामणी रंग म्हणजे तुमच्याकडं नेमका कुठला?" या एका प्रश्नावर दोन दिवस बोलणं चाललं, फोटो आले, आजीच्या पेटीतल्या साड्या बाहेर निघाल्या. आमसुली आणि वांगी यांतला फरक अजूनही मिटलेला नाही. पोल टाकायचा तर पुढच्या लॉटचा रंग ठरवण्यासाठी टाका आणि निकाल खरोखर पाळा. पोल घेऊन आपल्याच मनाचा रंग विणला तर पुढच्या वेळी कुणी बोट लावत नाही.

मालाचा फोटो दिवसाउजेडी, दाराजवळच्या सावलीत काढा. ट्यूबलाइटखाली हिरव्याचा निळा होतो आणि पार्सल परत येतं. एक फोटो पूर्ण साडीचा, एक पदराचा, एक काठाचा. काठ किती इंच हे लिहा. सूत की रेशीम की मिश्र, हातमाग की पावरलूम, खरं तेच लिहा. पावरलूमच्या साडीला हातमाग म्हणून खपवणाऱ्यांमुळं खऱ्या विणकराच्या हाताला भाव मिळत नाही, ही गोष्ट मला फार लागते. आणि दर लिहाच. "दरासाठी इनबॉक्स करा" लिहिलं की अर्ध्या बायका विचारतच नाहीत.

भाषेचं म्हणाल तर मालाची पोस्ट दोन्ही भाषांत, आधी मराठी, खाली कन्नड. कन्नड लिहिता येत नसेल तर मशीनच्या भाषांतरावर विसंबू नका. शेजारच्या कुणाकडून तरी तपासून घ्या, चुकीच्या शब्दानं माणूस दुखावतो. गप्पांत मात्र ज्याला जी येईल ती भाषा. कुणी विचारतं "दर काय वो?", कुणी "इदर रेट एष्टु री?", आणि उत्तर त्याच भाषेत द्यायचं. ज्यांना टाईप करणं जमत नाही त्यांना व्हॉइस मेसेज टाकायला सांगा. आमच्याकडच्या सत्तरीच्या आजी बोलूनच उत्तर देतात आणि त्यांचे मेसेज सगळ्या ऐकतात.

वर्षाचा अंदाज आधी मांडा. गौरी-गणपतीच्या साड्यांचं बोलणं श्रावण लागताच सुरू करा. चवथीच्या आठवड्यात सुरू केलं तर पार्सल पोचत नाही. तुळशीच्या लग्नानंतर बस्ते. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तेव्हा चित्ररथात उभ्या राहणाऱ्या मुलींना नऊवारी लागते. ही मागणी बाहेरच्या दुकानदाराला कळणारही नाही, तुम्हाला कळते.

७. पैसा, पार्सल आणि हद्द

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. तो बनवता येतो. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच साडी घडी घाला. पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच टाकावा लागत नाही. "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा लुबाडणारा असतो. फसलात तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडकवून धरणं अवघड.

आता हद्दीची गोष्ट, आणि ही आपल्याकडच्या माणसांनी नीट वाचावी. चंदगड आपल्याला शेजारघरासारखं, कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, गोवा घाट उतरला की आला. पण जीएसटीच्या हिशोबात ही दुसरी राज्यं आहेत. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला कर्नाटकात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट असते. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटलं की ती सूट साधारणपणे लागू राहत नाही, पहिल्या पार्सलापासून नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सवलत आहे, आणि काही माल करातच येत नाही. तुमचा माल कशात बसतो हे कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या, ग्रुप वाढायच्या आधी. जुलै २०२५ मध्ये यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा अनेकांची झोप उडाली होती. बिलबुक रोजच्या रोज लिहिलेलं असलं तर उत्तर देता येतं.

कुंदा, करदंट, लोणची, पिठं असलं खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी आधी, ग्रुप नंतर. तिचा १४ आकडी क्रमांक डब्यावर आणि कॅटलॉगमध्ये लिहा. कुंदा खव्याचा, म्हणून उन्हाळ्यात लांबच्या पार्सलची ऑर्डर घेण्याआधी तो किती दिवस टिकेल हे स्पष्ट सांगा.

पार्सल बांधताना व्हिडिओ काढा आणि गिऱ्हाइकाला पाठवा. भांडणं निम्म्यानं कमी होतात.

८. तक्रार आली की

ती ग्रुपात आली तर पुसू नका. शिव्या असतील तर वेगळी गोष्ट, पण "साडीचा रंग गेला" हे वाक्य पुसलं की बघणाऱ्या सगळ्या जणी मनात नोंद करतात. तिथंच दोन ओळी लिहा: "वयनी, बघते. फोटो दुकानाच्या नंबरावर पाठवा, आज संध्याकाळपर्यंत फोन करते." मग खरोखर फोन करा. प्रश्न सुटला की तिलाच ग्रुपात लिहायला विनवा. एकदा आमच्याच रंगाऱ्याची चूक होती, मी साडी बदलून दिली आणि ग्रुपात तसं सांगितलं. त्या महिन्यात त्याच रंगाच्या साड्या संपल्या.

कुणाला बाहेर काढावं लागलं तर ग्रुपात जाहीर करून काढू नका. आधी खासगीत सांगा, मग काढा. लहान शहर आहे, उद्या तीच व्यक्ती गणपत गल्लीत समोर उभी असते.

९. मोजायचं काय

सदस्यांचा आकडा मोजू नका. महिन्याच्या शेवटी दोनच गोष्टी बघा: किती वेगवेगळ्या माणसांनी तोंड उघडलं, आणि तुमच्याआधी दुसऱ्या सदस्यानं उत्तर दिलं असं किती वेळा झालं. दुसरी गोष्ट वाढत असेल तर ग्रुप जिवंत आहे. दोन महिने सलग घसरली तर दर आणि जाहिराती थांबवा आणि पाच जुन्या सदस्यांना फोन करून विचारा काय बिनसलं.

१०. दुसरा ॲडमिन आणि वही

एकटीनं चालवू नका. आजारपण येतं, घरात लग्न निघतं, फोन हरवतो. आमच्याकडं दुसरी ॲडमिन माझी जाऊ आहे. तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, म्हणून सकाळी ती बघते, संध्याकाळी मी. रात्री नऊनंतर दोघीही उत्तर देत नाही. हे वर्णनात लिहून ठेवलंय, त्यामुळं कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणि सगळी नावं, नंबर, कुणाला कुठला रंग आवडतो, कुणाच्या मुलीचं लग्न कधी आहे, हे कागदाच्या वहीतही लिहा. ॲपचे नियम बदलतात, खातं एखाद्या दिवशी अडकतं. वही कपाटात राहते. आमच्या वहीच्या मागच्या पानावर स्मार्टफोन नसलेल्या अकरा जुन्या गिऱ्हाइकांची नावं आहेत. नवा माल ग्रुपात टाकायच्या दिवशी सकाळी आधी त्यांना फोन जातो.